चौदा सेंट खाली

२२ जानेवारी २०२३, रविवार. संध्याकाळ.

नवी वही. संकल्प लिहितो. एक, यंदा प्रियामोचा विचार करायचा नाही. दोन, त्याचं नावसुद्धा लिहायचं नाही. वर एकदा लिहिलं गेलंय, पण ते संकल्पाच्या कामासाठी. ते धरायचं नाही.

आज मिस्सा संपल्यावर अंतोनांजेलो काकांनी चॅपेलच्या दारात गाठलं. काका आमच्या मंडळाचे मुख्य. पवित्र सोमवारच्या मिरवणुकीत कोणते चौघे गाणार हे तेच ठरवतात, आणि त्यांनी एकदा ठरवलं की तिथे पोपचंही काही चालत नाही. म्हणाले, लुसोरियो, आपला लेओनार्दु एक्क्याऐंशीचा झाला. असा खर्ज या गावात पुन्हा व्हायचा नाही. तो धडधाकट आहे तोवर चौघांचं एकदा नीट रेकॉर्डिंग करून ठेव. तुझं ते गॅरेज आहेच.

गॅरेज! स्टुडिओ आहे तो. भिंतीभर अंड्यांचे ट्रे लावलेत. गाडी सहा वर्षं बाहेर वाऱ्यात उभी आहे, ती काय गॅरेज रिकामं ठेवायला?

तरी हो म्हटलं. मोठ्या मनानं म्हटलं. कारण त्या चौघांत वरचा आवाज प्रियामोचा आहे, आणि प्रियामो उभा राहतो ती जागा माझी आहे. नऊ वर्षं मी तिथे उभा होतो.

संकल्प उद्यापासून.

२४ जानेवारी, मंगळवार.

मुळात प्रकरण काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. म्हातारपणी माझ्यावर अन्याय झाला होता हे मलाच आठवायचं नाही.

चार जण खांद्याला खांदा लावून गोलात उभे राहतात. एक खर्ज, दोन मधले, एक वरचा. चौघांचं अगदी जुळलं की डोक्यावर पाचवा आवाज ऐकू येतो. बाईचा. गाणारं तिथे कोणी नसतं. गाव म्हणतं, ती मेरीमाता. पण नाव कोणी घेत नाही. नुसतं विचारतात, आली का? अमक्याच्या मयताला आली होती. तमक्याच्या नाही आली, आणि तमक्याच्या घरचे अजून मान खाली घालून चालतात.

माझ्या नऊ वर्षांत ती आली नाही. एकदाही नाही. पहिल्या वर्षी लेओनार्दुची कवळी नवी होती. मग चॅपेलात गालिचा घातला. मग दोन वर्षं वायव्येचा वारा. मग लोकांची श्रद्धाच कमी झाली. २०१४ साली काकांनी मला म्हटलं, जरा विश्रांती घे, आणि प्रियामोला उभं केलं. मासे धरायची जाळी विणणारा माणूस! पहिल्याच संध्याकाळी ती आली. गावभर बोभाटा झाला. बायका रडल्या. माझीही रडली.

गालिचा नुकताच काढला होता, हे कोणी लक्षात घेतलं नाही. मी काकांच्या कानावर घातलं. काका म्हणाले, गालिचा काढून आठ महिने झाले. झाले असतील. भिंतींना सवय व्हायला वेळ लागतो.

२९ जानेवारी, रविवार.

बेत पक्का झाला. प्रत्येकाला वेगळा माइक, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक, आणि प्रत्येक ट्रॅक सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सोडायचा. त्यात गाणाऱ्याचा सूर पडद्यावर रेष होऊन दिसतो. मागे कीबोर्डच्या पट्ट्यांप्रमाणे आखलेल्या आडव्या रेघा असतात. रेष रेघेच्या खाली, तर सूर उतरलेला. वर, तर चढलेला. मशीनला कोणाचं तोंड बघून बोलायची सवय नसते.

मला फक्त प्रियामोची रेष बघायची आहे. मग ती छापून काकांपुढे ठेवायची. मिरवणूक ३ एप्रिलला. भरपूर वेळ आहे.

व्हितालियाला बेत सांगितला नाही. बायकोला सगळं सांगणारे नवरे सुखी नसतात. ती म्हणाली, चौघांना जेवायलाच बोलाव ना, प्रियामो स्क्विड आणील. तिच्या तोंडी स्क्विड आणि प्रियामो नेहमी जोडीनंच येतात.

५ फेब्रुवारी, रविवार.

पहिलं रेकॉर्डिंग. शास्त्रीय पद्धतीनं केलं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात जाऊ नये म्हणून चौघांना चार खोल्या दिल्या. लेओनार्दु बाथरूममध्ये, खर्जाला फरशी चांगली. मधले दोघे जुळे भाऊ आहेत, बोलतातही एकदमच, त्यांना बेडरूम आणि जिना. प्रियामो स्वयंपाकघरात. सगळ्यांना हेडफोन.

पाच मिनिटांत लेओनार्दु बाहेर. म्हणाला, मी याच्या खांद्याला खांदा लावून गातो. याचा खांदा कुठाय? मी म्हटलं, हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं. म्हणाला, खांदा ऐकू येत नाही.

त्याला हेडफोन पुन्हा घालायला मनवण्यात दोन तास गेले, आणि शेवटी तयार झालाच नाही. तेवढ्यात प्रियामोनं सगळे स्क्विड साफ करून ठेवले, ओटा पुसला आणि सिंकचा गळका नळ बंद केला. तो नळ मी उद्या करणारच होतो.

मांजर त्याच्या मांडीवर. माझं मांजर.

१२ फेब्रुवारी, रविवार.

माघार घेतली नाही, पद्धत बदलली. चौघांना स्टुडिओत नेहमीसारखं गोलात उभं केलं आणि प्रत्येकाच्या गळ्याशी छोटा माइक अडकवला. शेजाऱ्याचा आवाज थोडा झिरपतो, पण थोडाच. छान गायले. म्हणजे तिघे छान गायले.

तिसऱ्या कडव्याला व्हितालिया दारात येऊन उभी राहिली, हातात भांडी पुसायचं फडकं. फडकं तसंच धरून वर बघत होती. संपल्यावर हळूच म्हणाली, आली. जुळेही म्हणाले, आली. प्रियामोनं नुसते डोळे मिटले, त्याला मोठेपणा दाखवायची हौस आहे.

मीही मान डोलावली. या कामात माझी मान तयार आहे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार.

चौघांना एका ट्रॅकवर एकत्र केलं आणि एकदमच दुरुस्तीतून सोडलं. मशीन गोंधळलं. कोणाचा सूर धरू आणि कोणाचा सोडू, त्याला कळेना. बदकांचं भांडण लागल्यासारखं ऐकू आलं. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगायला हवं होतं. मॅन्युअल अजून उघडलेलं नाही, पण सांगितलं नसणारच.

उद्यापासून प्रत्येकाला स्वतंत्र दुरुस्ती, आणि दुरुस्त झालेले चौघे मग एका मुख्य ट्रॅकवर.

१५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.२०.

सापडला!!

लेओनार्दुची रेष सुतारानं ओढल्यासारखी. जुळ्यांच्याही ठीक. आणि प्रियामो, ज्याच्या नावानं गाव मेणबत्त्या लावतं तो प्रियामो, चौदा सेंट खाली! पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करा, मशीन त्यातल्या एकाला सेंट म्हणतं. असे चौदा! आणि एकदा नाही. जिथे जिथे चौघे सूर लांबवतात तिथे तिथे. मी एकशे बारा ठिकाणी मोजलं.

एखादा चुकणारा माणूस कधी वर जाईल, कधी खाली. हा दर वेळी चौदा. सराईत गुन्हेगार.

आणि मी? लग्नांत तीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय. नऊ वर्षं प्रत्येक तालमीला निघण्याआधी कीबोर्डवर माझा सूर धरून, घोटून, मग घर सोडायचो. वाटेत कोणाशी बोलायचो नाही, सूर सांडू नये म्हणून. जाळी विणणाऱ्याकडे कीबोर्ड आहे का? नाही. विषय संपला.

व्हितालियाला दुपारी स्वतःहून मिठी मारली. तिनं विचारलं, बरं वाटत नाहीये का?

२१ फेब्रुवारी, मंगळवार. कार्निव्हल.

झिप्पुला, म्हणजे साखरेत घोळवलेली गोड वळी, तळायचा दिवस. चौकात सगळे होते. प्रियामोच्या शर्टावर साखर सांडली होती आणि तरी तो चांगला दिसत होता. पन्नाशीत एवढे केस लागतात कशाला?

त्यानं मला लांबून हाक मारली, लुसो, ये रे, गरम आहेत! त्याच्या हातचं नको म्हणून मी सांगितलं की माझं पोट ठीक नाही. घरी येऊन उपाशी. चौदा, चौदा, चौदा, असं म्हणत झोपलो. गोड झोप लागली.

२६ फेब्रुवारी, रविवार.

चौघांना रेघेवर आणलं. दुरुस्तीचा वेग सर्वांत जास्त, हलायला जागाच नाही. प्रियामो आयुष्यात पहिल्यांदा सुरात गातोय, आणि ते माझ्यामुळे. खरं तर त्यानं आभार मानायला हवेत.

व्हितालियाला बोलावलं. तिनं पूर्ण ऐकलं. म्हणाली, स्वच्छ आहे. इस्त्री केल्यासारखं आहे. ती कुठे गेली?

मी म्हटलं, आहे की. नीट ऐक. ती म्हणाली, त्या दिवशी दारातून ऐकू आली, आता स्पीकरला कान लावून येत नाही.

स्पीकर बदलतो.

१ मार्च, बुधवार.

स्पीकर बदलले. वायर बदलली. अंड्यांचे ट्रे उलटे लावून पाहिले.

व्हितालियाला पडद्याकडे पाठ करून बसवलं. कधी दुरुस्ती चालू, कधी बंद, असं सहा वेळा वाजवलं. बंद असली की ती म्हणे आली, चालू असली की म्हणे गेली. सहाच्या सहा वेळा. योगायोग. सातव्यांदा चुकली असती, पण तिनं घेवडा चुलीवर ठेवलाय म्हणून उठली.

काकांचा फोन. ईस्टरचं सगळं मार्गी लागतंय, रेकॉर्डिंग १८ तारखेला चॅपेलात सगळ्यांना ऐकवू. आणि आली आहे ना त्यात? मी म्हटलं, काका, म्हणजे काय!

६ मार्च, सोमवार.

विचार केला. प्रियामोला सुरात आणल्यावर ती येत नाही. प्रियामोला बेसूर सोडलं तर येते. पण मी बेसूर काम हाताबाहेर जाऊ देणार नाही, माझं या पंचक्रोशीत नाव आहे. म्हणून तिसरा मार्ग.

तिला मी आणायचं.

यात पाप नाही. चित्रकार मेरीमातेचं चित्र काढतो तेव्हा बाई कोणाची तरी समोर बसवतोच. मी वरच्या आवाजात गायचं, सॉफ्टवेअरनं एक सप्तक वर न्यायचं, सूर दुरुस्त करायचा, वर थोडा घुमारा. पाचवा ट्रॅक. देवाच्या कामात हातभार.

९ मार्च, गुरुवार.

झालं. स्वतःलाच ऐकून अंगावर काटा आला. हा आवाज मंडळातून काढून टाकला होता या लोकांनी.

१८ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

लिहायचं नव्हतं. पण वहीत एक दिवस कोरा सोडला तर पुढे संशय येतो.

चॅपेल भरलं होतं. सुरू केलं. पहिल्या कडव्याला सगळे पुढे झुकले. पाचवा आवाज आला आणि एका जुळ्यानं क्रुसाची खूण केली. दुसऱ्यानंही लगेच केली. प्रियामोचे डोळे भरून आले. माझ्या शेजारीच बसला होता, कानात म्हणाला, आमच्याकडे ती इतकी मोठ्यानं कधी येत नाही रे. तो क्षण मी कोणालाही देणार नाही. नऊ अधिक नऊ, अठरा वर्षांची भरपाई झाली.

मग दुसरं आणि तिसरं कडवं यांच्या मध्ये एक आवाज आला. छोटासा. नाक वर ओढल्याचा.

मला वरच्या सुराआधी नाक ओढायची सवय आहे. व्हितालिया लग्नापासून सांगतेय.

लेओनार्दु आपल्या त्या विहिरीतल्या आवाजात म्हणाला, मेरीमातेला सर्दी झालीय.

मी आयुष्यात चॅपेलात इतकं हसू ऐकलेलं नाही. धर्मगुरू रुमाल तोंडात कोंबून बाहेर गेले. व्हितालिया माझ्याकडे बघत नव्हती, तिच्या खांद्यांकडे पाहून कळत होतं की हसतेय. काका मात्र हसले नाहीत. सगळं शांत झाल्यावर म्हणाले, ती श्वास घेत नाही, लुसोरियो. इतकी वर्षं मंडळात आहेस.

आणि प्रियामो म्हणाला, मला वाटलंच ओळखीचा आवाज आहे. छान गायलास की रे.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी परत देता येते.

काकांनी विचारलं, यातली तुझी भर काढता येते का? एक बटण असतं, म्हटलं. दाबलं. पाचवा ट्रॅक गेला, दुरुस्त्या गेल्या, प्रियामो पुन्हा चौदा सेंट खाली. तिसऱ्या कडव्यात सगळ्यांच्या माना वर गेल्या. लेओनार्दुनं टोपी काढली. मीही वर पाहिलं. चॅपेलच्या छताला पोपडे आले आहेत.

२० मार्च, सोमवार.

चूक माझी एवढीच की नाक आधी कापून टाकायला हवं होतं. म्हणजे रेकॉर्डिंगमधलं.

पण मुख्य मुद्दा कायम आहे. प्रियामो खाली आहे. आणि मी कसा होतो, याचाही पुरावा आहे! माळ्यावरच्या खोक्यात २००७ च्या मिरवणुकीची कॅसेट सापडली. माझा आवाज माइकच्या अगदी जवळ.

२२ मार्च, बुधवार.

शून्य.

टेपचा वेग जुळवून, लेओनार्दुच्या खर्जाशी ताडून, तीन तास मोजलं. मी बरोबर रेघेवर. वर नाही, खाली नाही. चौऱ्याऐंशी ठिकाणी शून्य. मशीनला माझ्यात दुरुस्त करायला काही सापडेना.

दोन्ही कागद छापले. डावीकडे मी, उजवीकडे तो. खाली लाल शाईनं तारखा. शनिवारी काकांकडे.

२५ मार्च, शनिवार.

काकांनी चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले. खूप वेळ पाहिले. मग माझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं, या वर्षी ती आली होती? नाही, म्हटलं, त्या वर्षी वारा होता. प्रियामोच्या कागदावर बोट ठेवलं. आणि या दिवशी? मी म्हटलं, हो, पण काका, आकडे बघा ना.

काका म्हणाले, आकडेच बघतोय, बाळा.

मग कागदांच्या घड्या घातल्या, दोन पेल्यांत घरची मिर्तो दारू ओतली आणि पेला माझ्याकडे सरकवला. पुढे काही बोलले नाहीत. भक्कम पुरावा समोर आला की माणूस गप्प होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

बाळा कशाला म्हणाले, ते मात्र कळलं नाही. मी चोपन्न वर्षांचा आहे.

१ एप्रिल, शनिवार.

चॅपेलच्या दारावर यादी लागली. माझं नाव आहे! नऊ वर्षांनी! लांबूनच दिसलं. धावत गेलो, चष्मा घरी राहिला होता म्हणून नाक दाराला टेकवून वाचलं.

लुसोरियो: शिडी.

येशूला क्रुसावरून उतरवलं त्या शिडीची आमच्याकडे लाकडी प्रतिकृती आहे. मिरवणुकीत एक जण ती उभी धरून चालतो. गायचं नसतं. बोलायचं नसतं. वळून बघायचं नसतं.

वरचा आवाज: प्रियामो. नवीन काय.

व्हितालिया म्हणाली, शिडी मोठ्या मानाची असते. शिडीवाला गाणाऱ्यांच्या अगदी पुढे चालतो. मी म्हटलं, पाठ करून. ती म्हणाली, प्रियामोनंच काकांना सांगून तुला ती जागा मागून घेतली, फार लांब ठेवू नका त्याला म्हणाला.

ठरवलं आहे. जाईन. आणि पूर्ण वेळ प्रियामोचे चौदा मोजत चालेन. माझ्या कानांना कोणी बंदी घातलेली नाही.

३ एप्रिल, पवित्र सोमवार. दुपार.

पहाटेच्या मिस्सेनंतर निघालो. पांढरा झगा, तोंडावर टोपी, डोळ्यांपुरती भोकं. शेतांतून जुन्या चर्चकडे. वारा अजिबात नव्हता, ही नोंद करून ठेवतो.

जुन्या चर्चच्या पायऱ्यांशी थांबलो. चौघे माझ्या मागे दोन हातांवर. लेओनार्दुनं खर्ज लावला, तो माझ्या झग्यातून बरगड्यांत शिरला. जुळे आले. मग प्रियामो. मी तयार होतो. वाट बघत होतो, आता हा चौदा खाली जाईल. गेला. बरोब्बर गेला. मी मनात म्हटलं, हा बघा.

आणि त्याच क्षणी कोणीतरी बाई गायला लागली.

मला रागच आला. मिरवणुकीत बायकांनी गायचं नाही असा नियम आहे. मान वळवायची नव्हती म्हणून भोकांतून डोळे फिरवून पाहिलं. समोर व्हितालिया उभी होती, तिचं तोंड बंद. तिच्या शेजारणींची तोंडं बंद. सगळ्यांची तोंडं बंद आणि सगळे माझ्या डोक्यावर बघत होते.

चौघांनी दम घेतला की ती थांबत होती, लागले की पुन्हा येत होती. तिनं एकदाही श्वास घेतला नाही.

वहीत खोटं कशाला लिहू. मी तिला आजवर कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी नाही, मंडळात नाही, प्रियामो आला त्या संध्याकाळी नाही, १८ तारखेलाही नाही. सगळे वर बघत तेव्हा मी वर बघायचो. सगळे रडत तेव्हा मी नाक ओढायचो. दोन्ही हात शिडीला होते, त्यामुळे आज डोळे पुसता आले नाहीत. टोपीच्या आत सगळं ओलं झालं.

मला प्रियामोचा फार हेवा वाटला. आजवर कधी वाटला नव्हता इतका.

संपल्यावर प्रियामो जवळ आला. विचारलं, आली होती ना रे? मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी शिडी सांभाळत होतो.

घरी व्हितालियानं विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, शिडी जड होती. ती म्हणाली, पोकळ आहे ती, दर वर्षी मीच पुसते.

जेवण्याआधी स्टुडिओत गेलो. कॉम्प्युटर लावला नाही. कीबोर्डवर लेओनार्दुची पट्टी दाबून ठेवली, जुळ्यांच्या दोन दाबल्या, मग वरची. माझी. नऊ वर्षं घरून घोटून नेलेली.

चढी आहे.

पुन्हा दाबली. चढीच आहे. किती, ते न मोजता सांगतो. चौदा.

मे महिन्यात चार लग्नं आहेत. प्रत्येकात पाच-पाच तास वाजवायचंय.